ब्राउझर एक्स्टेन्शन बनवण्याआधीची मांडामांड: मुंबईतल्या नवशिक्यांसाठी

ज्यांना थोडंफार जावास्क्रिप्ट येतं, पण ज्यांनी एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, कधी बनवलेलं नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. कॉलेजातली मुलं, शाळेतले शिक्षक, प्रकाशनसंस्थांत मुद्रितं तपासणारी मंडळी, ऑफिसात रोज एकाच वेबसाइटवर तेच रकाने भरणारे कर्मचारी, अशा कुणालाही एक्स्टेन्शनचा उपयोग होतो. दुसऱ्याच्या वेबसाइटला हात न लावता, ती आपल्या ब्राउझरमध्ये कशी दिसावी आणि कशी वागावी हे आपल्याला ठरवता येतं. मराठीत असं करण्याजोगं काम भरपूर पडलंय आणि करणारे हात कमी आहेत, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

नवीन माणूस सुरुवातीलाच अवजारांच्या यादीत अडकतो. नोड हवं, बंडलर हवा, टाइपस्क्रिप्ट हवं, अमुक टेम्प्लेट हवं असं जो तो सांगतो, आणि दोन रविवार इन्स्टॉल करण्यातच जातात. पहिल्या एक्स्टेन्शनला एक ब्राउझर, एक एडिटर आणि एक फोल्डर एवढंच पुरतं. बाकीचं गरज पडेल तेव्हा आणा. खालच्या पायऱ्या मी त्याच क्रमाने लावल्या आहेत.

फायलींची नावं आणि कमांड इथे आपण बोलतो तशी देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांतच करायची आहेत.

काय काय लागेल

सुरुवातीला:
- ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला लॅपटॉप किंवा डेस्कटॉप
- क्रोम आणि फायरफॉक्स, दोन्ही
- व्हीएस कोड हा एडिटर
- मराठी आणि इंग्रजी, दोन्ही कीबोर्ड

थोडं पुढे गेल्यावर:
- नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) आणि त्यासोबत येणारं, इतर साधनं इन्स्टॉल करणारं एनपीएम
- गिट (कोडच्या जुन्या-नव्या आवृत्त्या जपणारं साधन)

एक्स्टेन्शन लोकांना द्यायची वेळ आली की:
- दोन टप्प्यांची पडताळणी चालू असलेलं गूगल खातं
- आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू असलेलं कार्ड
- १२८ बाय १२८ पिक्सेलचा आयकॉन आणि १२८० बाय ८०० चे स्क्रीनशॉट
- गोपनीयता धोरणाचं एक पान

नुसत्या मोबाइलवर हे काम होत नाही. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन चालतच नाहीत. अँड्रॉइडवरच्या फायरफॉक्समध्ये मात्र चालतात, आणि डिसेंबर २०२३ पासून ती सोय सगळ्या डेव्हलपरना खुली झाली आहे. आपले बहुतेक वाचक फोनवर असतात, त्यामुळे फायरफॉक्सला दुय्यम समजू नका.

१. मशीन

नवीन घ्यायची ऐपत नसेल तर ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोड गाठायचा. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं, पण विचारताना लॅमिंग्टन रोडच विचारा. जुने लॅपटॉप, रॅमच्या पट्ट्या, एसएसडी सगळं तिथे मिळतं. घरातला जुना लॅपटॉप हार्ड डिस्कवर कण्हत चालत असेल, तर नवा घेण्याआधी त्यात एसएसडी टाकून पाहा. एवढ्याने एक्स्टेन्शनच्या कामापुरता तो नीट चालायला लागतो.

जुना लॅपटॉप घेताना प्रोसेसरची पिढी विचारा. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं. त्याहून जुनं मशीन स्वस्तात मिळत असेल तर घ्या, पण त्यावर उबंटू किंवा लिनक्स मिंट टाका. या लेखातलं सगळं काम लिनक्सवर होतं, काही बाबतींत जास्त सुरळीत होतं. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या आणि चार्जर लावून तसंच काढूनही दुकानातच चालवून पाहा.

लिनक्स नवीन असेल तर पवईच्या आयआयटीचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प आहे. त्यात लिनक्ससारख्या विषयांवरचे छोटे पाठ मराठी आवाजात ऐकायला मिळतात, फुकट.

घरात बसायला जागा नसेल तर जवळच्या अभ्यासिकेत बसा. एकदा सगळं इन्स्टॉल झालं की एक्स्टेन्शन लिहायला आणि आपल्या ब्राउझरमध्ये लोड करायला इंटरनेट लागत नाही. परतीच्या लोकलमध्ये विंडो सीट मिळाली तर तिथेही काम होतं.

२. फोल्डर

ही पायरी क्षुल्लक वाटते, पण पुढच्या निम्म्या अडचणी इथेच सुरू होतात.

विंडोजवर डेस्कटॉप किंवा डॉक्युमेंट्समध्ये फोल्डर करू नका. नव्या विंडोजमध्ये हे दोन्ही फोल्डर बऱ्याचदा वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीशी जोडलेले असतात. पुढे नोड आलं की त्याच्या हजारो बारीक फायली वर चढायला लागतात आणि मशीन व डेटा पॅक दोन्ही हैराण होतात. सी ड्राइव्हवर थेट 'कोड' नावाचा फोल्डर करा आणि त्यात प्रत्येक एक्स्टेन्शनसाठी एकेक.

फोल्डरचं आणि फायलींचं नाव इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता द्या. देवनागरी नावं विंडोज आणि लिनक्स दोन्ही घेतात, पण काही जुनी अवजारं त्यावर अडखळतात. अंडरस्कोरने सुरू होणारं नावही देऊ नका. अशी नावं क्रोमने स्वतःसाठी राखून ठेवली आहेत आणि तसं काही दिसलं तर तो एक्स्टेन्शन लोडच करत नाही. याला महत्त्वाचा अपवाद म्हणजे भाषांतरं ठेवायचा 'अंडरस्कोर लोकेल्स' हा फोल्डर.

मग फाइल एक्स्प्लोररच्या व्ह्यू मेनूत जाऊन फायलींचं शेपूट दाखवायची सोय चालू करा. ती मुळात बंद असते. त्यामुळे नोटपॅडमध्ये केलेली 'मॅनिफेस्ट.जेसन' (एक्स्टेन्शनची माहिती ब्राउझरला देणारी मुख्य फाइल) प्रत्यक्षात 'मॅनिफेस्ट.जेसन.टीएक्सटी' असते आणि ब्राउझर म्हणतो, मॅनिफेस्ट सापडत नाही. समोर तर दिसतेय, मग सापडत कशी नाही, यात माणूस तासभर घालवतो.

आणखी एक. फोल्डरची जागा एकदा ठरली की हलवू नका. फोल्डरमधून लोड केलेल्या एक्स्टेन्शनची ओळख क्रोम त्या फोल्डरच्या पत्त्यावरून बनवतो. पत्ता बदलला की क्रोमच्या लेखी ते नवीन एक्स्टेन्शन होतं आणि आधी साठवलेल्या सेटिंग त्याला मिळत नाहीत.

३. एडिटर आणि कीबोर्ड

व्हीएस कोड उतरवून घ्या. विंडोजवर त्याचा 'यूझर' इन्स्टॉलर निवडलात तर ॲडमिन पासवर्ड लागत नाही, कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या मशीनवर हे सोयीचं पडतं. खालच्या पट्टीत उजवीकडे यूटीएफ-८ हे एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, दिसतंय ना, ते पाहा. पानात टाकायची स्क्रिप्ट दुसऱ्या कुठल्या एन्कोडिंगमध्ये सेव्ह झाली आणि तिच्यात मराठी मजकूर असला, तर क्रोम ती नाकारतो.

आता कीबोर्ड. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू असताना अंकांच्या कळांवर देवनागरी अंक येतात. कोडमध्ये आकडा म्हणून देवनागरी अंक चालत नाही. मॅनिफेस्टमध्ये तो गेला की सगळी फाइलच अवैध ठरते, आणि देवनागरी अंक आपल्या नजरेला इतके सवयीचे असतात की चूक चटकन दिसत नाही. मराठी मजकूर वेगळ्या फाइलमध्ये ठेवला तर हा त्रास मुळातच कमी होतो. त्याची रीत सातव्या पायरीत आहे.

व्हॉट्सॲपवर किंवा वर्डमध्ये आलेला कोड तसाच चिकटवू नका. तिथे सरळ अवतरणचिन्हांची वळणदार चिन्हं होऊन आलेली असतात.

४. ब्राउझरचं वेगळं प्रोफाइल

क्रोममध्ये वर उजवीकडच्या चित्रावर क्लिक करून नवीन प्रोफाइल करा. त्यात कुठल्याच खात्याने लॉगइन करू नका. अर्धवट लिहिलेलं एक्स्टेन्शन तुमच्या बँकेच्या आणि मेलच्या टॅबमध्ये फिरायला नको, हे पहिलं कारण. दुसरं असं की नेहमीच्या प्रोफाइलमध्ये जाहिरात रोखणारं किंवा भाषांतर करणारं काहीतरी आधीच बसलेलं असतं, आणि मग बिघाड आपल्या कोडचा की त्याचा हे कळत नाही.

नव्या प्रोफाइलमध्ये पत्त्याच्या जागी 'क्रोम', अपूर्णविराम, दोन तिरप्या रेघा आणि 'एक्स्टेन्शन्स' टाइप करा. उघडलेल्या पानावर वर उजवीकडे 'डेव्हलपर मोड' आहे, तो चालू करा. हे बटण करडं दिसत असेल आणि हलत नसेल, तर ते मशीन तुमच्या संस्थेच्या धोरणाखाली आहे. तिथे झगडू नका, दुसरं मशीन बघा.

५. पहिलं एक्स्टेन्शन, तीन फायलींचं

सरावासाठी मी एकच उदाहरण सुचवतो: पानावरचे इंग्रजी अंक देवनागरीत दाखवणारं एक्स्टेन्शन. लहान आहे, उपयोगी आहे, आणि चाललं की नाही ते डोळ्यांना लगेच दिसतं. मराठी विकिपीडियावरच्या लेखांत दोन्ही प्रकारचे अंक सापडतात, त्यामुळे चाचणीला ती जागा उत्तम.

पहिली फाइल मॅनिफेस्ट.जेसन. तिच्यात एवढंच लिहायचं: मॅनिफेस्टची आवृत्ती ३, एक्स्टेन्शनचं नाव, तुमची आवृत्ती, आणि 'कंटेंट स्क्रिप्ट्स' या नावाखाली कुठल्या साइटवर कुठली स्क्रिप्ट चालवायची ते. साइट म्हणून फक्त एमआर डॉट विकिपीडिया डॉट ऑर्ग द्या. सगळ्या साइटची परवानगी मागणं सोपं असतं, पण ती सवय लावून घेऊ नका. जेसनमध्ये टिपण लिहिता येत नाही आणि शेवटच्या ओळीनंतर स्वल्पविराम चालत नाही, या दोन गोष्टी भिंतीवर चिकटवून ठेवण्यासारख्या आहेत.

आवृत्ती ३ च का? नेटवरचे बरेच जुने पाठ आवृत्ती २ चे आहेत. क्रोममध्ये आवृत्ती ३ जानेवारी २०२१ मध्ये आली आणि जून २०२४ पासून क्रोमने आवृत्ती २ टप्प्याटप्प्याने बंद केली. एखाद्या पाठात 'ब्राउझर ॲक्शन' किंवा 'बॅकग्राउंड पेज' हे शब्द दिसले की तो जुना समजा आणि दुसरा शोधा.

दुसरी फाइल स्क्रिप्टची. युनिकोडमध्ये इंग्रजी शून्याचा क्रमांक ४८ आहे आणि देवनागरी शून्याचा २४०६. दोन्हीकडे अंक ओळीने लावलेले आहेत, म्हणून प्रत्येक अंकाच्या क्रमांकात २३५८ मिळवले की काम झालं. हे करताना पानाचं सगळं एचटीएमएल उचलून, बदलून परत ठेवू नका. तसं केलं की पानावरची बटणं मरतात. जावास्क्रिप्टमधला 'ट्री वॉकर' वापरून फक्त मजकुराचे तुकडे एकेक करून बदला. स्क्रिप्ट, स्टाइल, कोड आणि टेक्स्टएरिया यांच्या आतले तुकडे वगळा. जिथे माणूस स्वतः काही टाइप करतो, तिथले अंक कधीही बदलायचे नाहीत. ओटीपी किंवा खाते क्रमांक देवनागरीत गेला तर समोरची साइट तो घेईलच असं नाही.

तिसरी फाइल १२८ पिक्सेलचा आयकॉन. तो नसला तरी चालतं, पण असला की यादीत आपलं एक्स्टेन्शन ओळखू येतं.

आता एक्स्टेन्शनच्या पानावर 'लोड अनपॅक्ड' दाबा आणि फोल्डर निवडा. मॅनिफेस्ट थेट ज्या फोल्डरमध्ये आहे तोच निवडायचा, त्याच्या बाहेरचा नाही. मग विकिपीडियाचं पान उघडा. रिकाम्या नव्या टॅबवर, क्रोमच्या स्वतःच्या पानांवर किंवा क्रोम वेब स्टोअरवर चाचणी घेऊ नका, तिथे क्रोम कुणाचीच स्क्रिप्ट चालू देत नाही. मशीनवर सेव्ह केलेल्या पानासाठी एक्स्टेन्शनच्या तपशिलात जाऊन फाइलींची परवानगी वेगळी द्यावी लागते.

फायरफॉक्समध्ये पत्त्याच्या जागी 'अबाउट', अपूर्णविराम, 'डीबगिंग' टाइप करा, 'धिस फायरफॉक्स' निवडा आणि तात्पुरतं ॲड-ऑन लोड करायच्या बटणावरून मॅनिफेस्ट दाखवा. ब्राउझर बंद केला की ते निघून जातं, दर वेळी पुन्हा लोड करावं लागतं. लोड होऊनही काहीच घडत नसेल तर ॲड-ऑनच्या 'परमिशन्स' टॅबमध्ये त्या साइटची परवानगी चालू आहे का ते बघा.

६. बदल केला, पण दिसत नाही

नवशिक्यांचे सगळ्यात जास्त प्रश्न मला याच जागेवरून येतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

फाइल सेव्ह केल्याने ब्राउझरला आपोआप काही कळत नाही. कुठली फाइल बदलली यावर पुढची कृती ठरते. पुढे तुमच्या एक्स्टेन्शनला पॉपअप (आयकॉनवर क्लिक केल्यावर उघडणारी छोटी खिडकी) आणि सर्व्हिस वर्कर (पार्श्वभूमीत चालणारी स्क्रिप्ट) हेही येतील. पॉपअपची एचटीएमएल किंवा तिच्यातली स्क्रिप्ट बदलली असेल तर पॉपअप बंद करून उघडला की पुरे. मॅनिफेस्ट किंवा सर्व्हिस वर्कर बदलला असेल तर एक्स्टेन्शनच्या पानावर जाऊन त्याच्या कार्डावरचा गोल बाण दाबायचा. पानात चालणारी कंटेंट स्क्रिप्ट बदलली असेल तर दोन्ही करायचं: आधी गोल बाण, मग ते पान रिफ्रेश. यातलं दुसरं विसरलं की जुनीच स्क्रिप्ट चालत राहते आणि आपण बरोबर असलेला कोड पुन्हा पुन्हा बदलत बसतो.

चुका कुठे दिसतात हेही तिन्ही ठिकाणी वेगळं आहे. कंटेंट स्क्रिप्टचे संदेश त्या पानाच्याच कन्सोलमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या संदेश दाखवणाऱ्या खिडकीत येतात. पॉपअपचे पाहायचे तर पॉपअपवर राइट क्लिक करून 'इन्स्पेक्ट' निवडायचं. सर्व्हिस वर्करचे संदेश एक्स्टेन्शनच्या कार्डावरच्या 'सर्व्हिस वर्कर' या दुव्यातून उघडणाऱ्या खिडकीत येतात. चुकीच्या कन्सोलकडे बघत 'काहीच येत नाही' म्हणणारे मी खूप पाहिलेत. तिन्ही उघडून, तिन्हीत एकेक संदेश छापून बघा, पुढचे कितीतरी तास वाचतील.

सर्व्हिस वर्करचं एक वागणं आधीच समजून घ्या. साधारण ३० सेकंद काही काम नसलं की क्रोम त्याला बंद करतो आणि गरज पडली की नव्याने सुरू करतो. त्यामुळे वरती एखाद्या व्हेरिएबलमध्ये ठेवलेली माहिती मधल्या काळात पुसली जाते. जे टिकायला हवं ते 'स्टोरेज'मध्ये ठेवा. फसवणारी गोष्ट अशी की त्याची कन्सोल उघडी असेपर्यंत वर्कर बंद होतच नाही. म्हणजे तपासताना सगळं ठीक चालतं आणि लोकांच्या हातात गेल्यावर बिघडतं. शेवटची चाचणी कन्सोल बंद करून, मिनिटभर थांबून घ्या.

फायरफॉक्समध्ये आवृत्ती ३ असली तरी पार्श्वभूमीचं काम सर्व्हिस वर्करऐवजी 'बॅकग्राउंड स्क्रिप्ट्स'खाली लिहावं लागतं. दोन्ही ब्राउझरच्या १२१ व्या आवृत्तीपासून एकाच मॅनिफेस्टमध्ये दोन्ही नोंदी ठेवता येतात, जो तो आपल्या कामाची उचलतो. फायरफॉक्ससाठी मॅनिफेस्टमध्ये 'गेको'खाली एक आयडीही द्या. ईमेलच्या रूपातला, स्वतः ठरवलेला आयडी चालतो.

७. मराठीची मांडणी

इंग्रजीतल्या मार्गदर्शकांत हे सगळं एकत्र सहसा सापडत नाही, आणि आपल्याला तर पहिल्या दिवसापासून लागतं.

मराठी मजकूर कोडमध्ये विखरू नका. 'अंडरस्कोर लोकेल्स' फोल्डरमध्ये 'एमआर' आणि 'ईएन' असे दोन फोल्डर करा, प्रत्येकात मेसेजेस.जेसन ठेवा आणि मॅनिफेस्टमध्ये 'डिफॉल्ट लोकेल' लिहा. ते लिहायचं राहिलं तर एक्स्टेन्शन लोड होत नाही. क्रोमची भाषा मराठी असेल त्याला मराठी दिसतं, इतरांना मूळ ठरवलेली भाषा. मराठी मूळ ठेवायला काहीच हरकत नाही, मी तसंच करतो. विंडोजवर क्रोमच्या भाषांच्या सेटिंगमधून ब्राउझर मराठीत करून दोन्ही बाजू तपासता येतात.

पॉपअपच्या एचटीएमएलमध्ये अगदी वर 'मेटा कॅरसेट यूटीएफ-८' लिहा, नाहीतर अक्षरांऐवजी कचरा दिसू शकतो. त्याच फाइलच्या पहिल्या टॅगवर 'लँग' म्हणून 'एमआर' द्या. ज्या फाँटमध्ये सोय आहे तिथे यामुळे 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाहीत. फाँट सोबत द्यायचा असेल तर 'मुक्त' पाहा. मुंबईच्याच एक टाइप या संस्थेने तो बनवलाय आणि खुल्या परवान्याखाली तो फुकट मिळतो.

शोधाशोधीचा कोड लिहिताना सावध राहा. रेग्युलर एक्स्प्रेशनमधलं (मजकुरातला नमुना शोधायच्या सूत्रातलं) 'बॅकस्लॅश डी' फक्त इंग्रजी अंक ओळखतं. 'बॅकस्लॅश डब्ल्यू'ला देवनागरी अक्षरं अक्षरंच वाटत नाहीत आणि 'बॅकस्लॅश बी'ला मराठी शब्दाची सीमा कळत नाही. शेवटी 'यू' हा फ्लॅग लावा आणि 'बॅकस्लॅश पी'सोबत अक्षरांचा 'एल' आणि मात्रा-अनुस्वारांचा 'एम' असे दोन्ही गट घ्या. 'एम' विसरलात तर काना-मात्रा शब्दापासून तुटतात. लांबी मोजतानाही हेच. 'मुंबई' या शब्दाची लांबी जावास्क्रिप्ट ५ सांगतं, कारण उकार आणि अनुस्वार ते वेगळे मोजतं. आपल्याला दिसतात तशी ३ अक्षरं हवी असतील तर 'इंटल सेगमेंटर' वापरा.

आकडे छापायला स्वतः काही लिहू नका. 'इंटल नंबरफॉरमॅट'ला 'एमआर-आयएन' दिलं की देवनागरी अंक आणि लाख-कोटीचे स्वल्पविराम दोन्ही आपोआप येतात: १२,३४,५६७.

आता अर्ध्या 'र'चं. 'दऱ्या', 'सुऱ्या' यातला र दोन प्रकारे लिहिला जातो. कुणी 'ऱ' या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडतं, तर कुणी साध्या 'र'ला हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देतं. दिसायला दोन्ही एकसारखे, पण संगणकाच्या लेखी वेगळे, आणि जावास्क्रिप्टचं 'नॉर्मलाइझ'ही त्यांना एक करत नाही. शोधण्यापूर्वी एक रूप दुसऱ्यात बदलून घ्यायची छोटीशी सोय स्वतः लिहावी लागते. व्हीएस कोडमध्ये अदृश्य अक्षरांभोवती चौकट काढून सावध करायची सोय आहे. मराठी मजकुरात अशी चौकट दिसली म्हणून ते चिन्ह पुसून टाकू नका, शब्द मोडेल.

जुन्या ऑफिसांतला श्रीलिपीसारख्या फाँटमधला मजकूर युनिकोड नसतो. त्यावर यातलं काहीच लागू पडत नाही, तो आधी रूपांतरित करून घ्यावा लागतो.

८. नोड आणि वेब-एक्स्ट

आतापर्यंत एकदाही टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडावं लागलं नाही. फायरफॉक्समध्ये दर वेळी हाताने लोड करायचा कंटाळा आला की नोड आणा. आकड्यांच्या गर्दीत 'एलटीएस' लिहिलेली आवृत्ती निवडा. मग मोझिलाचं वेब-एक्स्ट हे साधन एनपीएमने ग्लोबल इन्स्टॉल करा. 'वेब-एक्स्ट रन' म्हटलं की कोरं प्रोफाइल घेऊन फायरफॉक्स उघडतो आणि फाइल सेव्ह केली की एक्स्टेन्शन स्वतःच रीलोड होतं. 'वेब-एक्स्ट लिंट' चुका दाखवतं, 'वेब-एक्स्ट बिल्ड' झिप करून देतं.

दोन सापळे. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये एनपीएम लिहिल्यावर 'या सिस्टिमवर स्क्रिप्ट चालवणं बंद आहे' अशा अर्थाचा लाल संदेश येतो. काही बिघडलेलं नसतं, साधा कमांड प्रॉम्प्ट उघडून तिथे तीच कमांड द्या. लिनक्सवर परवानगीची तक्रार आली तर पुढे सुडो (ॲडमिनच्या हक्काने कमांड चालवणारा शब्द) लावून जबरदस्ती करू नका, एनव्हीएम या नोड बसवणाऱ्या साधनाने नोड पुन्हा बसवा.

बंडलर (अनेक फायली एकत्र बांधणारं साधन) आणि टाइपस्क्रिप्ट (जावास्क्रिप्टचीच जास्त काटेकोर आवृत्ती) फायलींची संख्या वाढेपर्यंत नकोच.

९. गिट

गिट पहिल्या चालत्या आवृत्तीनंतर लगेच सुरू करा. नोड मॉड्यूल्सचा फोल्डर गिट-इग्नोरमध्ये टाका. गिटमध्ये दिलेला ईमेल कोड गिटहबवर (गिटमधला कोड ऑनलाइन ठेवायची साइट) उघड ठेवला की प्रत्येक कमिटसोबत (बदलाच्या नोंदीसोबत) जगाला दिसतो, त्यामुळे गिटहबच्या सेटिंगमध्ये मिळणारा 'नो-रिप्लाय' पत्ता द्या. गिटहबने ऑगस्ट २०२१ पासून टर्मिनलमध्ये खात्याचा पासवर्ड घेणं बंद केलंय. पासवर्ड बरोबर असूनही नकार येतो तो म्हणून. व्हीएस कोडमधूनच गिटहबला साइन-इन करणं नवख्यांना सगळ्यात सोपं.

१०. लोकांच्या हातात देताना

सुरुवात फायरफॉक्सपासून करा, तिथे नोंदणीला पैसे लागत नाहीत. नेहमीच्या फायरफॉक्सला मोझिलाची सही नसलेलं एक्स्टेन्शन कायमचं बसवता येत नाही. पण यादीत न दाखवता फक्त सही करून घेऊन फाइल आपल्या आपण वाटायची सोय आहे, ऑफिसातल्या चार जणांसाठी तेवढं पुरतं. नोव्हेंबर २०२५ पासून नव्या एक्स्टेन्शनच्या मॅनिफेस्टमध्ये कुठली माहिती गोळा करता ते जाहीर करावं लागतं, काहीच गोळा करत नसाल तरीही 'नन' लिहावं लागतं. बंडलरने कोड आवळला असेल तर मूळ कोडही द्यावा लागतो.

क्रोम वेब स्टोअरची नोंदणी फी ५ डॉलर, एकदाच. इथे आपली कार्डं अडतात. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवीन कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते चालू करा, मर्यादा कमी ठेवा आणि पैसे गेले की पुन्हा बंद करा. या कामासाठी वेगळं गूगल खातं काढलेलं बरं.

अर्जात एक्स्टेन्शनचा एकच मुख्य उद्देश सांगावा लागतो आणि प्रत्येक परवानगी कशाला हवी तेही. पाचव्या पायरीत एकाच साइटची परवानगी मागितली असेल तर हा रकाना एका वाक्यात भरून होतो. सगळ्या साइटची मागितली असेल तर तपासणी लांबते. बाहेरच्या सर्व्हरवरून कोड आणून चालवायला आवृत्ती ३ मध्ये बंदी आहे, लागणारी प्रत्येक लायब्ररी झिपमध्येच हवी.

झिप करताना बाहेरचा फोल्डर नको, आतल्या फायली निवडून झिप करा. उघडल्याबरोबर मॅनिफेस्ट पहिल्या पातळीवर दिसला पाहिजे. दर नव्या झिपमध्ये आवृत्तीचा आकडा वाढवा, तोच आकडा स्टोअर पुन्हा घेत नाही. स्टोअरवरचं वर्णन मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत भरा, आणि मराठी वर्णनासोबतचे स्क्रीनशॉटही मराठी पानांचेच द्या.